आत्याचा एक शब्द आणि माझी चार अक्षरं

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक दिवसाचं वर्कशॉप झालं. टीम बिल्डिंग म्हणे. सकाळी पोहे-चहा, मग एक लांबलचक टेस्ट, मग जेवण, आणि दुपारी चारच्या सुमाराला प्रत्येकाच्या हातात एक रंगीत कार्ड, त्यावर चार इंग्रजी अक्षरं. माझी आली आयएसटीजे. म्हणजे अंतर्मुख, डोळ्याला दिसेल त्यावर विश्वास ठेवणारा, तर्काने चालणारा आणि शिस्तीचा. ट्रेनर बाई म्हणाल्या कार्ड डेस्कवर लावा, समोरच्याला कळेल तुमच्याशी कसं बोलायचं ते. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी लगेच फोटो काढून स्टेटसला टाकले.

रात्री कराडला आत्याला फोन केला तेव्हा सहज सांगितलं. आत्या दोन मिनिटं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे घुम्या आहेस, एवढंच ना? मला विचारायचं की, फुकटात सांगितलं असतं."

आता यावर काय बोलणार. पण ते डोक्यात राहिलं, कारण आत्याचा एक शब्द आणि कंपनीने पैसे भरून आणलेली चार अक्षरं, दोन्ही साधारण तेच सांगत होती. मग पुढचे तीन आठवडे मी रात्री जागून पर्सनॅलिटीवरचं मिळेल ते वाचत बसलो (बायकोच्या मते हेही आयएसटीजेचंच लक्षण), आणि त्यातलं जे डोक्यात राहिलंय ते इथे लिहून मोकळा होतोय.

सुरुवात त्या कार्डापासूनच करतो, कारण त्याची गोष्ट भारी आहे. ती टेस्ट बनवली दोन अमेरिकन बायकांनी, आई आणि लेक, कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र शिकलेलं नव्हतं. आई शेतकी कॉलेजात शिकलेली, लेक राज्यशास्त्राची, वर तिने एक रहस्यकथाही लिहिली होती. आणि हे सगळं सुरू कशावरून झालं असं सांगतात, तर लेकीने पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला जो होणारा नवरा घरी आणला, त्याचा स्वभाव सासूबाईंना काही केल्या उमगेना. चांगला मुलगा, पण आपल्या घरातल्या कुणासारखाच नाही. आपल्याकडे अशा वेळी सासू चार बायकांत विषय काढते आणि मोकळी होते, या बाईंनी माणसांचे प्रकार पाडायला घेतले. मग 1923 मध्ये कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाचं 1921 चं पुस्तक इंग्रजीत आलं, अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द त्याने रुळवले, आणि बाईंना वाटलं की अरे, हे तर आपलंच. त्यावर लेकीने प्रश्नावली रचली, 1962 मध्ये ती एका मोठ्या परीक्षा संस्थेने छापली, आणि आज जगभर कंपन्या ती वापरतात. एक जावई कळेना म्हणून! मला तरी या सगळ्या शास्त्रातला हा सगळ्यात घरगुती किस्सा वाटतो.

आता तिची अडचण काय, तर ती माणसाला या खोक्यात किंवा त्या खोक्यात टाकते. पण माणसं तशी नसतात. समजा उंची मोजायची, आणि साडेपाच फुटाच्या वर तो उंच आणि खाली तो बुटका असं ठरवलं, तर एक सेंटीमीटर इकडे-तिकडे असलेले दोघं जण वेगवेगळ्या जातीचे ठरतील आणि साडेपाच फुटी माणूस आणि सव्वासहा फुटी माणूस एकाच जातीचे. स्वभावाचंही तसंच आहे, बहुतेक लोक मधे कुठेतरी असतात, टोकाला थोडे. म्हणून काही आठवड्यांनी तीच टेस्ट परत दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. युंग स्वतःच म्हणायचा की शंभर टक्के अंतर्मुख किंवा बहिर्मुख असा कुणी नसतो, पण तेवढं कार्डावर बसत नाही.

मग आम्हाला सगळ्यांना ते "अगदी बरोबर" का वाटलं? याचं उत्तर बर्ट्रम फोरर नावाच्या माणसाने 1948 मध्येच देऊन ठेवलंय. त्याने आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची एक टेस्ट घेतली, आठवड्याने प्रत्येकाला "फक्त तुझ्यासाठी" म्हणून स्वभाववर्णन दिलं, आणि ते किती जुळतं याला पाचपैकी मार्क द्यायला सांगितले. सरासरी आली 4.26. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिलाय, आणि वाक्यं पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललीत. तुमच्यात बरीच क्षमता आहे पण तुम्ही ती अजून वापरलेली नाही, बाहेरून तुम्ही शांत दिसता पण आतून कधी कधी काळजी करता, असलं सगळं. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य वाचणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. माझी रास कन्या, आणि दर रविवारी मला ते पटतं.

पण आत्याचा मुद्दा राहतोच. तिने टेस्ट न घेता "घुम्या" म्हटलं ते कुठून आलं? तर गंमत अशी की मानसशास्त्रातला सगळ्यात टिकलेला विचार आत्याच्याच रस्त्याने गेलेला आहे. विचार साधा आहे. माणसामाणसांतले जे फरक रोजच्या जगण्यात महत्त्वाचे असतात त्यांना भाषेत कधी ना कधी शब्द पडतोच, म्हणून स्वभाव मोजायचाय तर आधी डिक्शनरी उघडा. फ्रान्सिस गाल्टनने 1884 मध्ये हे करून पाहिलं, त्याला इंग्रजीत हजारेक शब्द सापडले. पण खरं गाढवकाम केलं गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी. 1936 मध्ये त्यांनी वेबस्टरची जाडजूड डिक्शनरी घेऊन माणसाचं वर्णन करणारे शब्द वेचले ते भरले 17,953. त्यातून तात्पुरते मूड, शिव्या-कौतुक, दिसणं वगैरे बाजूला काढून टिकाऊ स्वभाव सांगणारे उरले 4,504.

या ऑलपोर्टचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1920 साली, वय 22, हा पोरगा व्हिएन्नात होता आणि त्याने थेट फ्रॉइडलाच, म्हणजे मनोविश्लेषणाच्या जनकालाच, चिठ्ठी पाठवली की भेटायचंय. फ्रॉइडने बोलावलं. खोलीत गेला तर फ्रॉइड नुसता गप्प बसून बघतोय, आता काय बोलायचं? म्हणून याने ट्रॅममध्ये नुकताच पाहिलेला प्रसंग सांगितला, एक चारेक वर्षांचा मुलगा सारखा आईला म्हणत होता की इथे घाण आहे, इथे मला बसायचं नाही, त्या घाणेरड्या माणसाला माझ्याजवळ बसू देऊ नको, आणि आई अगदी कडक इस्त्रीतली, टापटिपीची. ऑलपोर्टला वाटलं विषय बरा आहे. फ्रॉइडने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तो मुलगा तूच होतास का?

बिचारा ऑलपोर्ट! तो पुढे आयुष्यभर हा किस्सा सांगत राहिला, आणि त्यातून त्याने धडा घेतला तो असा की फार खोल उतरण्याआधी माणसाला वर जे दिसतंय ते तरी नीट बघा, काय हवंय ते त्यालाच विचारा. फ्रॉइडवाले म्हणतील की बघा, बरोबर नेम लागला म्हणूनच एवढं लागलं. ही फ्रॉइडची खरी गोम आहे, हो म्हणालात तरी तो बरोबर आणि नाही म्हणालात तर तुम्ही दाबून टाकताय म्हणून अजूनच बरोबर. 1923 मध्ये त्याने मनाचे तीन वाटेकरी सांगितले, हावरट इड, वचक ठेवणारा सुपरइगो आणि दोघांच्या मधे सापडलेला इगो (दोन जावांच्या मधला दीर समजा), वाचायला जबरदस्त मजा येते, पण हे मोजायचं कसं ते काही सांगता येत नाही. त्याच्या उलट टोकाला स्किनर, नुसतं वागणं बघणारा मानसशास्त्रज्ञ, तो म्हणतो कारण आत शोधूच नका, बक्षीस आणि शिक्षा यांनी लागलेल्या सवयी आहेत. आणि मॅस्लोचा तो माणसाच्या गरजांचा पिरॅमिड तर एव्हाना इतक्या पीपीटींत बघितलाय की त्यावर लिहायची इच्छाच नाही, फक्त एवढंच, की 1943 च्या त्याच्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्रच नव्हतं.

तर शब्दांकडे परत. ऑलपोर्टच्या यादीवरून मलाही खाज आली आणि एका जुन्या डायरीत मराठी शब्द लिहायला घेतले. भिडस्त, तुसडा, लाघवी, आगाऊ, हेकट, चेंगट, मख्ख, बेरकी, इरसाल, नेभळट, शिष्ट, चिक्कू, उतावळा, कुजकट, सोशीक, खमका, भोळसट, लोचट, आतल्या गाठीचा, हलक्या कानाचा, उंटावरचा शहाणा. लोकलमध्ये बसून लिहीत होतो, दीडशेच्या पुढे गेलो आणि तेही कुठलीही डिक्शनरी न उघडता. मोल्सवर्थचा 1857 चा कोश नीट चाळला तर किती निघतील देव जाणे, त्यात साठेक हजार शब्द आहेत. एक गोष्ट मात्र लगेच दिसली की नावं ठेवायचे शब्द ढीगभर आणि कौतुकाचे मूठभर. चिकट माणसालाच चिक्कू, चिंगूस, कंजूष, कवडीचुंबक, कृपण, आणि दिलदार माणसाला दिलदार. संपलं.

दुसरं असं की बरेच शब्द एकट्या माणसाबद्दल नसतातच. भिडस्त घ्या. भिडस्त माणूस लाजाळू असेलच असं नाही, मित्रांत तो धमाल करेल, पण समोरच्याने उसने पैसे मागितले तर त्याच्या तोंडातून नाही निघत नाही. "भीड भिकेची बहीण" म्हणतात ते यालाच. म्हणजे हा स्वभाव एकटा बसलेला असताना दिसतच नाही, कुणीतरी काहीतरी मागायला यावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

साडेचार हजार शब्दांचं करायचं काय, हा पुढचा प्रश्न. रेमंड कॅटेलने ती यादी कापत कापत आणली, लोकांना एकमेकांना मार्क द्यायला लावले, कुठले शब्द जोडीने फिरतात ते आकडेमोडीने काढलं (जो बडबड्या तो बहुधा मिसळणाराही, अशा जोड्या) आणि 1949 मध्ये सोळा घटकांची टेस्ट काढली. लंडनमध्ये हान्स आयसेंकला सोळा म्हणजे उधळपट्टी वाटली, तो म्हणाला दोन पुरे, बहिर्मुखता आणि मनाची अस्थिरता, तिसरा त्याने नंतर घातला. त्याच्या दोन रेषांच्या चौकटीत तर दुसऱ्या शतकातल्या गेलन नावाच्या वैद्याचे रक्त-कफ-पित्तवाले चार स्वभावही बसतात. जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून कुणाला किती लाळ सुटते तेही बघितलं गेलं, अंतर्मुखांना जास्त सुटते असा निकाल. हा घरी करून बघायला हरकत नाही. पण आयसेंकचं सगळंच डोळे मिटून घेऊ नका, स्वभावामुळे कॅन्सर होतो वगैरे दावे करणारे त्याचे पेपर होते आणि किंग्ज कॉलेज लंडनच्या 2019 च्या चौकशीत त्यातले 26 विश्वासार्ह नाहीत असं निघालं.

सोळा आणि दोनच्या मधे तोडगा निघाला पाचावर, आणि तो काढला कुणी तर अमेरिकन हवाई दलातल्या दोघांनी, ट्यूप्स आणि क्रिस्टल. 1961 मध्ये त्यांनी वेगवेगळ्या गटांचे आकडे परत तपासले तर दर वेळी पाचच ढीग पडत होते. रिपोर्ट लष्करी, तो वर्षानुवर्षं धूळ खात पडला. मग 1981 मध्ये लुइस गोल्डबर्गने त्याला बिग फाइव्ह नाव दिलं आणि कोस्टा आणि मॅक्रे यांनी त्याच सुमाराला आपली प्रश्नावली उभी केली. पाच कुठले तर नव्याची ओढ, नेटकेपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि पाचवं म्हणजे जिवाला घोर लावून घेणं. पुस्तकी मराठीत याला जड जड शब्द आहेत, मी आत्याला समजतील असे वापरलेत. यात खोकी नाहीत, प्रत्येकाला पाच मोजपट्ट्यांवर कुठेतरी एक खूण.

आणि हे बऱ्यापैकी काम करतं हे मान्य केलंच पाहिजे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांतल्या या फरकांपैकी चाळीस ते पन्नास टक्क्यांचा संबंध जनुकांशी लागतो. नेटकेपणावरून नोकरीत माणूस कसा वागेल याचा थोडाफार अंदाज येतो. वय वाढतं तसं सरासरीने लोक जास्त नेटके आणि कमी चिडके होतात, म्हणजे लग्न झालं की सुधारेल असं म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत, फक्त श्रेय वयाला द्यावं की लग्नाला हा वाद आहे. मी ऑनलाइन टेस्ट दिली, घोर लावून घेण्यात भरघोस मार्क पडले. बायकोने स्क्रीन बघून नुसती मान हलवली.

इथपर्यंत आत्या जिंकत होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे तिचे आवडते डायलॉग, आणि पाच मोजपट्ट्यावाले तेच म्हणतात. पण हीच आत्या माझा धाकटा आतेभाऊ बिघडला तेव्हा काय म्हणाली होती? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणजे खोड जन्माची की शेजारच्या बैलाची, नक्की काय ते ठरव ना!

मानसशास्त्रज्ञ नेमके यावरच वीसेक वर्षं भांडले. भांडण लावलं वॉल्टर मिशेलने. हाही व्हिएन्नाचाच, 1930 चा जन्म, घर फ्रॉइडच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, 1938 मध्ये नाझी आल्यावर कुटुंब सगळं सोडून पळालं आणि पुढे ब्रुकलिनमध्ये त्यांनी छोटंसं दुकान टाकलं. 1968 च्या पुस्तकात त्याने तोवरचे अभ्यास पुढ्यात मांडले आणि म्हणाला, टेस्टवरून कळलेला स्वभाव आणि एखाद्या ठिकाणचं प्रत्यक्ष वागणं यांचा संबंध 0.30 च्या वर फारसा जातच नाही (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे अगदी पक्का). त्या आकड्याचा वर्ग केला तर वागण्यातल्या फरकांपैकी नऊएक टक्के स्वभावाने समजतात, बाकीचं कशाने? त्याच्या हाताशी जुना पुरावाही होता. 1928 मध्ये हार्टशोर्न आणि मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांना लबाडी करायची संधी देऊन बघितली होती, परीक्षेत, खेळात, घरी, आणि दिसलं असं की परीक्षेत कॉपी करणारा खेळात खोटं बोलेलच याची काही खात्री नाही. "प्रामाणिक मुलगा" असा शिक्का मारायला जागाच सापडेना.

यावर स्वभाववाल्यांचं उत्तर पण चोख होतं. सीमोर एप्स्टाइन 1979 मध्ये म्हणाला की तुम्ही एकच प्रसंग बघताय, बरेच दिवस मोजा आणि सरासरी काढा, मग स्वभाव लख्ख दिसेल. हे आपल्याला पटायला काहीच अडचण नाही, क्रिकेटमध्ये एका इनिंगवरून कुणी बॅट्समन ठरवत नाही, चांगला माणूसही शून्यावर जातो, पण रणजीचा अख्खा सीझन काढला की कोण किती पाण्यात ते कळतं. वर फंडर आणि ओझर या दोघांनी 1983 मध्ये दाखवलं की परिस्थितीचा जोर दाखवणारे जे गाजलेले प्रयोग आहेत त्यांचे आकडे त्याच मापाने मोजले तर तेही 0.4 च्या आसपासच घुटमळतात. फिटंफाट.

पण मला जे सगळ्यात आवडलं ते मिशेलचं नंतरचं काम. त्याने आणि युइची शोडाने एका उन्हाळी कॅम्पमधल्या मुलांचं आठवडेच्या आठवडे निरीक्षण केलं, मुलं जरा त्रासदायक वागणुकीची, आणि नुसतं किती वेळा भांडला असं न मोजता कधी भांडला तेही लिहिलं. बरोबरच्या पोराने चिडवलं तेव्हा? मोठ्याने दम भरला तेव्हा? मोठ्याने कौतुक केलं तेव्हा? आणि निघालं असं की दोन मुलं एकूण भांडणांत सारखीच, पण एक पोरांनी डिवचलं की उसळतो आणि मोठ्यांसमोर गप्प, दुसऱ्याला पोरं काहीही बोलोत, मोठ्या माणसाने आवाज चढवला की त्याचं टाळकं सरकतं. आणि हा ज्याचा त्याचा नकाशा बऱ्यापैकी टिकून राहतो. म्हणजे खोड आहेच, पण तिच्या आधी एक "तेव्हा" आहे. सरासरी काढली की तोच पुसला जातो, दोघांनाही आपण "भांडखोर" म्हणून मोकळे.

आतेभाऊ सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीला जाऊन आलाय (बिघडला होता तोच, नंतर सुधारला), त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला मग आमच्याकडे पाच दिवस उगाच ठेवतात होय? तिथे धूसर चित्र तीस सेकंद दाखवून चार मिनिटांत गोष्ट लिहायला लावतात, ती कल्पना 1930 च्या दशकातल्या हार्वर्डच्या हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांची. पण तेवढ्यावर ठेवत नाहीत, मैदानावर फळ्या-दोऱ्या-ड्रम देऊन अडथळे पार करायला लावतात, इंटरव्ह्यू वेगळा. मनसा, वाचा, कर्मणा असं ते म्हणतात, तीन माणसं तीन बाजूंनी बघतात आणि शेवटी जुळतंय का ते ताडतात. भाऊ कॉन्फरन्स आउट झाला, म्हणजे शेवटच्या बैठकीपर्यंत पोहोचून बाहेर पडला. त्याच्या मते गोष्टीत फार चांगला आणि ड्रमवर फार घाबरट निघाला.

मी माझ्यापुरतं बघितलं. मीटिंगमध्ये मी घुम्या, खरंय, मॅनेजरने विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. पण शनिवारी बिल्डिंगखाली कॅरम असतो तिथे मला गप्प कर म्हणून लोक हात जोडतात. माझ्या डेस्कवरच्या कार्डावर मीटिंग आहे, कॅरम नाही. शेजारच्या डेस्कवरचा बहिर्मुख कार्डवाला पोरगा लिफ्टमध्ये एकटा भेटला की मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. त्याचाही काहीतरी "तेव्हा" असणार, मी विचारलेलं नाही, मी घुम्या ना.

मग परवा आत्याला परत फोन केला आणि विचारलं, मामा कसे होते गं? मामा म्हणजे आत्याचे यजमान, जाऊन सहा वर्षं झाली, आणि आमच्या अख्ख्या भावकीत त्यांच्यासाठी एकच शब्द होता, तुसडा. आम्ही पोरं सुट्टीत गेलो की त्यांच्या खोलीकडे फिरकायचो नाही.

"तुसडेच होते," आत्या म्हणाली. मग थोडं थांबली. "पाव्हणे असले की. पाव्हण्यांची जीप वळणावरनं गेली ना, की स्वतः उठून चहा टाकायचे, माझ्यासाठी, आलं किसून. आणि मग बोलायला लागले की दिवे लागणीपर्यंत बोलायचे."

मी विचारलं, मग तू कधी कुणाला सांगितलं का नाहीस?

"कुणी विचारलं का?"